इटालियनचा वर्ग : एक ओस, एक भरलेला

शाळामास्तरांना एक प्रसंग काही नवा नाही. वेळापत्रकात तास लावलेला आहे, फळा स्वच्छ पुसलेला आहे, मास्तर हातात खडू घेऊन उभे आहेत आणि समोरचे बाक मात्र रिकामे आहेत. सुगीचे दिवस असतील, गावची जत्रा असेल, नाहीतर ओढ्याला पाणी आले असेल. मास्तर दाराशी येऊन रस्त्याकडे पाहतात आणि मनाशी म्हणतात, उद्या येतील. पण कारण सुगीचे नसले, पावसाचेही नसले, मुलांना त्या विषयाची गरजच वाटत नसली, तर मास्तरांनी काय करावे?

आज मी अशा एका मास्तरांची गोष्ट सांगणार आहे. आणि तिच्या जोडीला, सुमारे शंभर वर्षांनी त्याच शहरात तोच विषय शिकवणाऱ्या दुसऱ्या मास्तरांची. शहर न्यूयॉर्क. विषय इटालियन भाषा, तीही अगदी श्रीगणेशापासून. पहिल्यांचा वर्ग ओस पडला, दुसऱ्यांचा भरला. पहिले विद्वत्तेत उणे होते असे नाही, किंबहुना त्यांच्याइतका नावाजलेला माणूस त्या शहरात दुसरा शोधावा लागला असता. मग असे का झाले?

पहिल्या मास्तरांचे नाव लोरेन्झो दा पोन्ते. त्यांचा जन्म १७४९ सालचा, व्हेनिसच्या राज्यातल्या चेनेदा या लहानशा गावी. घर यहुदी, वडिलांचा धंदा कातड्याचा, आणि मुलाचे नाव इमानुएले कोनेलियानो. आई लवकर वारली. पुढे १७६३ साली वडिलांनी एका ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचे ठरवले, त्यासाठी सगळ्या घराने बाप्तिस्मा घेतला आणि थोरल्या मुलाला तिथल्या बिशपांचे नाव मिळाले. तेच नाव जन्मभर राहिले.

या मुलाचे शिक्षण कसे झाले, ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. वडिलांनी लॅटिन शिकवायला घरी एक मास्तर ठेवले. धडा चुकला की हे मास्तर मुठीच्या पेरांनी मुलाच्या कपाळावर टोले हाणीत. मुलगा टोले खायला शिकला, लॅटिन काही शिकला नाही. एके दिवशी वडिलांनी हा प्रकार मागून येऊन डोळ्यांनी पाहिला आणि मास्तरांची हकालपट्टी केली. मग पुष्कळ दिवस शिक्षण बंदच. अशात मुलाला घराच्या माळ्यावर जुन्या पुस्तकांचा ढीग सापडला. त्यात मेतास्तासियो या कवीचे काही भाग होते. धूळ झटकून तो वाचत बसला आणि त्या शब्दांच्या नादाने वेडा झाला. टोल्यांनी जे झाले नाही, ते माळ्यावरच्या पुस्तकांनी केले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

त्यानंतरचे आयुष्य म्हणजे मोठा पोवाडाच आहे, तो इथे सबंध गाता येणार नाही. धर्मशाळेत शिक्षण झाले, १७७३ साली पुरोहिताची दीक्षा मिळाली, काही काळ अध्यापनही केले. पण वागणे पुरोहिताला शोभणारे नव्हते. १७७९ साली व्हेनिसने त्यांना हद्दपार केले. फिरत फिरत ते व्हिएन्नाला पोचले आणि सम्राट दुसऱ्या जोसेफच्या कृपेने तिथल्या इटालियन नाट्यगृहाचे कवी झाले. तिथेच मोझार्ट या महान संगीतकाराशी गाठ पडली. मोझार्टच्या तीन प्रसिद्ध संगीतिका, १७८६ ची 'फिगारोचा विवाह', १७८७ ची 'डॉन जोव्हानी' आणि १७९० ची 'कोसी फान तुत्ते', यांची पदे आणि संवाद दा पोन्ते यांच्या लेखणीचे आहेत. आपल्याकडे संगीत नाटकाला चाल लावणारा एक आणि पदे लिहिणारा एक असला, तरी नाटक दोघांचे असते, तसेच हे.

सम्राट वारला आणि आश्रय गेला. लंडनला गेले, तिथे कर्ज झाले. १८०५ साली सावकारांच्या तगाद्याला कंटाळून त्यांनी अमेरिका गाठली. व्हिएन्नाच्या दरबारात वावरलेला हा कवी आता किराण्याच्या दुकानात बसला. ज्या हाताने कविता लिहिल्या, तो हात चहा नि तंबाखू तोलताना पाहून आपले आपल्यालाच हसू येई, असे त्यांनी लिहिले आहे. हसू येई खरे, पण दुकानही चालले नाही.

१८०७ साली न्यूयॉर्कच्या एका पुस्तकाच्या दुकानात ते इटालियन पुस्तकांची चौकशी करीत होते. शेजारी एक तरुण गृहस्थ उभे होते, क्लेमेंट मूर. हे पुढे हिब्रूचे प्राध्यापक झाले, आणि नाताळच्या म्हाताऱ्याबाबतची त्यांची कविता अमेरिकेत पोराबाळांच्या तोंडी झाली. त्यांचे वडील बेंजामिन मूर हे त्या वेळी न्यूयॉर्कचे बिशप आणि कोलंबिया कॉलेजचे अध्यक्ष होते. दुकानात बोलण्यातून बोलणे निघाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिशपांच्या घरी तीन-चार तरुणांना घेऊन इटालियनचा पहिला वर्ग सुरू झाला.

आता, या वर्गात शिकायचे काय असते, ते थोडे पाहू. कारण त्यात आपल्या मराठी कानाला ओळखीचे बरेच आहे.

इटालियन भाषेत बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर असतो, आणि त्या स्वरावरून लिंग नि वचन कळते. मुलगा म्हणजे 'रागात्सो', मुलगी म्हणजे 'रागात्सा'. अनेक मुलगे 'रागात्सी', अनेक मुली 'रागात्से'. आपल्याकडे 'मुलगा, मुलगी, मुलगे, मुली' असे शेपूट बदलते, तसाच हा प्रकार. इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र हे फार जड जाते. त्याच्या भाषेत घराला नि पुस्तकाला लिंग नाही. इकडे घर म्हणजे 'कासा' हे स्त्रीलिंगी आणि पुस्तक म्हणजे 'लीब्रो' हे पुल्लिंगी. का, ते विचारू नये. आपण तरी भाकरी बाई नि भात पुरुष का, ते सांगू शकतो काय? क्रियापदाचेही तसेच. 'पार्लो' म्हणजे बोलतो, 'पार्ली' म्हणजे बोलतोस. 'मी' आणि 'तू' हे वेगळे सांगावे लागत नाही, ते शेपटातच आले. आणि तिथेही 'तू' म्हणायचे कोणाला आणि 'आपण' म्हणायचे कोणाला, याची मर्यादा पाळावी लागते.

आणखी एक गंमत जोडाक्षराची आहे. इटालियनमध्ये एका व्यंजनाच्या जागी दोन आली की अर्थ पालटतो, म्हणून उच्चारताना जिभेने तिथे क्षणभर थांबावे लागते. 'नोनो' म्हणजे नववा, आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. एक 'न' खाल्ला की आजोबांचा झाला नववा! इंग्रजी जिभेला ही थांबण्याची सवय नसते, म्हणून पहिल्या महिन्यात इटालियनच्या वर्गात पुष्कळ आजोबा नववे होतात. हे 'नोन्नो' आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

दा पोन्ते यांची शिकवण्याची रीत माळ्यावरच्या पुस्तकांतून आलेली होती. व्याकरणाची तोंडओळख झाली की ते मुलांना लगेच कवींकडे नेत. वाचून घेत, पाठ म्हणवून घेत, घरातल्या लहानशा रंगभूमीवर इटालियन नाटके बसवून घेत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने विद्यार्थ्यांना आपल्या घरी राहायला ठेवले, म्हणजे जेवताना मीठ मागायचे तरी इटालियनमध्ये. अशा घरगुती शिकवण्यांतून त्यांच्या हाताखालून शेकडो मुले-मुली गेल्या.

मग १८२५ सालच्या सप्टेंबरात कोलंबिया कॉलेजने त्यांना इटालियनचे प्राध्यापक नेमले. अमेरिकेतल्या कॉलेजात इटालियन शिकवणारे ते अगदी पहिले नव्हेत. १७७९ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फ्लॉरेन्सच्या कार्लो बेल्लिनी यांना आधुनिक भाषांचे प्राध्यापक नेमलेले होते. पण कोलंबियात दा पोन्ते पहिले. वय ७६ वर्षे. एके काळचा हद्दपार माणूस, फसलेला दुकानदार, आता प्राध्यापक झाला. आनंदाला काय तोटा!

पण श्रोतेहो, नेमणुकीच्या कागदात एक मेख होती. पगार नाही. जे विद्यार्थी येतील, त्यांनी फी द्यावी आणि त्यावर प्राध्यापकांनी भागवावे. शिवाय इटालियन हा विषय नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या बाहेरचा. लॅटिन-ग्रीक शिकल्यावाचून पदवी नाही. इटालियन शिकले काय नि न शिकले काय, पदवीला फरक नाही. परिणाम काय झाला असेल, तो गुरुजनांना सांगायला नको. पहिल्या उत्साहात काही मुले आली, मग गळू लागली, आणि लवकरच वर्गात कोणी उरले नाही. नावापुढची पदवी तेवढी राहिली. आपल्याकडे अशा अधिकाराला ओसाड गावची पाटीलकी म्हणतात.

म्हातारा मात्र हटला नाही. त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयाला इटालियन पुस्तके मिळवून दिली. १८२५ च्या हिवाळ्यात मान्वेल गार्सिया यांची गायक मंडळी न्यूयॉर्कला आली, तेव्हा त्यांच्याकडून १८२६ च्या मे महिन्यात आपली 'डॉन जोव्हानी' करवून घेतली. मुलांना आधी पदे वाचायला लावायची, मग नाट्यगृहात नेऊन ती ऐकवायची, असा त्यांचा बेत. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये इटालियन संगीतिकेसाठी खास नाट्यगृह उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. तेही तोट्यात गेले. १७ ऑगस्ट १८३८ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते वारले. वर्ग रिकामाच राहिला.

हा वर्ग का ओस पडला? पदवीला उपयोग नाही, फी खिशातून, ही कारणे खरीच. पण मला त्यापलीकडचे एक कारण दिसते. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये इटालियन माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. भाषा होती, तिचे कवी होते, तिचे गाणे होते. पण ती बोलणारे शेजारी नव्हते. बाजारात ती ऐकू येत नव्हती, कोणाच्या घरून तिची हाक येत नव्हती. दागिना पेटीतून काढावा, पाहावा, पुन्हा ठेवून द्यावा, तशी ती भाषा सुखवस्तू घरांत शिकली जात होती. पुढेही पुष्कळ वर्षे असेच चालले. हार्वर्डमध्ये १८२६ पासून पिएत्रो बाकी नावाचे सिसिलीचे निर्वासित इटालियन शिकवीत होते. कवी लॉंगफेलो यांनी बोडॉइन कॉलेजात शिकवताना १८३२ साली विद्यार्थ्यांसाठी स्वतः इटालियनची पाठ्यपुस्तके केली, आणि १८६७ साली दांतेच्या महाकाव्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. कामे मोठी होती, पण ती ग्रंथालयाच्या भिंतींच्या आतली.

आणि मग ती माणसे आली. १८८० ते १९२० या ४० वर्षांत इटलीहून सुमारे ४० लाख माणसे अमेरिकेत उतरली, त्यांतली बहुतेक दक्षिणेतल्या गरीब खेड्यांतली. जमीन कमी, खंड जास्त, पाऊस लहरी; घरदार सोडून ती बोटीत बसली. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी रस्ते खणले, भुयारी रेल्वेचे बोगदे पोखरले, विटा वाहिल्या. आता बाजारात इटालियन ऐकू येऊ लागली होती. मग कॉलेजातले इटालियनचे वर्ग भरले असतील, असे आपल्याला वाटेल. पण नाही. गोष्ट इथेच अवघड होते.

पहिली अडचण अशी की, ही माणसे जे बोलत, ते पुस्तकातले इटालियन नव्हते. इटली हे एक राज्य झाले १८६१ साली. तोवर तिथे लहान लहान राज्ये, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. दांतेच्या फ्लॉरेन्सची भाषा ती लिहिण्याची भाषा. १८६१ साली ही भाषा वापरू शकणारी माणसे इटलीत शंभरात अडीच होती, असा अंदाज तुल्लियो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडला. दुसऱ्या काही अभ्यासकांनी तो आकडा दहाच्या आसपास नेला. कोणताही धरा, बाकीचे आपापली बोली बोलत. मुलाला पुस्तकात 'रागात्सो' म्हणतात, तर नेपल्सच्या बाजूला 'ग्वाल्योने', सिसिलीत 'कारूसू', व्हेनिसकडे 'तोसो'. आपल्याकडे वऱ्हाडात 'पोट्टा', खानदेशात 'पोऱ्या', मालवणात 'झील' म्हणतात, तसेच हे. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या गवंड्याचा मुलगा इटालियनच्या वर्गात बसला, तर त्यालाही पहिल्या धड्यापासूनच शिकावे लागे.

दुसरी अडचण त्याहून मोठी, ती लाजेची. आता दुसऱ्या मास्तरांची ओळख करून देतो.

लिओनार्दो कोव्हिएल्लो याचा जन्म १८८७ सालचा, दक्षिण इटलीतल्या आव्हिल्यानो या डोंगराळ गावचा. वडील आधी अमेरिकेला गेले होते. १८९६ साली आई आणि भावंडांबरोबर हा मुलगा न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेम भागात आला आणि शाळेत जाऊ लागला. शाळेत त्याचे आडनाव उच्चारायला अवघड वाटले, म्हणून बाईंनी त्यातला एक स्वर गाळून ते 'कोव्हेलो' करून टाकले. मुलाला वाटले, ठीक आहे, बोलायला सोपे झाले. पण प्रगतिपुस्तक घरी आले, वडिलांनी ते पाहिले आणि घरात वादळ उठले. नाव म्हणजे घराण्याची अब्रू. ती परक्या बाईने एका फटक्यात बदलावी? मुलगा म्हणाला, तुम्हाला कळत नाही. आईने विचारले, यात न कळण्यासारखे काय आहे? पण नाव बदलले ते बदललेच.

ही गोष्ट कोव्हेलो यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितली आहे. शाळेत इटलीचे नाव कोणी काढीत नसे. घरची भाषा, घरचे जेवण, आईचा डोक्याला बांधलेला रुमाल, सगळे शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जायचे. आईबापांची लाज धरायला शिकणे हाच अमेरिकन होण्याचा धडा होऊन बसला होता, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. हे वाक्य वाचताना मला आपल्याकडची मुले आठवतात, आई-वडील शाळेत भेटायला आले की मित्रांपासून दूर नेऊन हळू आवाजात बोलणारी.

मधे एकदा शाळा सोडली, पुन्हा धरली, आणि शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा कोलंबिया कॉलेजात गेला. होय, दा पोन्ते यांच्याच कोलंबियात. १९११ साली पदवी घेऊन ते डी विट क्लिंटन या मुलांच्या हायस्कूलात शिक्षक झाले. कोणत्या विषयाचे? फ्रेंचचे, मग स्पॅनिशचे. शाळेत इटालियन आई-बापांची मुले कितीतरी, शिक्षकही इटालियन, आणि शिकवायचे फ्रेंच! १९१४ साली एका विद्यार्थ्याने येऊन विचारले, आपण इटालियन मुलांचे एक मंडळ काढू या का? तिथून सुरुवात झाली. त्या मंडळाचे नाव 'चिर्कोलो इतालियानो'. मुले शाळा सुटल्यावर जमत, नाटके करीत, आणि वस्तीत नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवायला जात. पुढे महायुद्ध आले, कोव्हेलो सैन्यात गेले. १९२० साली ते त्याच हायस्कूलात परतले आणि पुढे तिथला इटालियन विभाग त्यांच्याकडे आला.

आता विरोध कसा होता, तो ऐका. शिक्षणखात्यातले काहीजण म्हणत, इटालियन मुलांना इटालियन शिकवली तर ती वेगळीच राहतील, अमेरिकन होणार नाहीत. कोव्हेलो यांचे म्हणणे नेमके उलट. ज्याला स्वतःच्या घराची लाज वाटते, तो दुसऱ्याच्या घरात तरी ताठ मानेने कसा वावरेल? पण विरोध फक्त वरून नव्हता, घरातूनही होता. पुष्कळ बाप म्हणत, इटालियन शिकून पोराला काय मिळणार? इंग्रजी शिकू द्या, पोटाला लागू द्या. हा प्रश्न खोटा नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने तो विचारलाच पाहिजे.

मग कोव्हेलो आणि त्यांचे सहकारी घरोघर गेले. संध्याकाळी चार-चार, पाच-पाच जिने चढून, स्वयंपाकघरात बसून, पुढे केलेला कॉफीचा पेला घेऊन, त्यांच्याच बोलीत त्यांनी आई-बापांना समजावले. तुमच्या मुलाला कॉलेजात जायला एक परकी भाषा लागतेच. फ्रेंच चालते, तर इटालियन का नको? तुम्ही शाळेला लेखी मागा. आई-बापांनी मागणी केली, शिक्षकांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि १९२२ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने फ्रेंच नि स्पॅनिशच्या बरोबरीने इटालियनला हायस्कूलात मान्यता दिली. पदवीला उपयोग नाही, ही दा पोन्ते यांची जुनी अडचण दूर झाली. पण फक्त तिने वर्ग भरला नसता. फॉर्मवर विषय असला, तरी बाकावर बसायला मूल लागते, आणि मूल यायला घराची परवानगी लागते.

अशा वर्गात काय घडत असेल, याचा विचार करा. मुलगा घरी बोली ऐकत वाढलेला. आजोबांना हाक मारताना त्याच्या तोंडातला 'न' आपोआप दुहेरी होतो. वर्गातला इंग्रज किंवा जर्मन मुलगा जिथे अडखळतो, तिथे हा सहज जातो. आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या फळ्यावर त्याच्या घरचे काही लिहिले जाते आणि ते चूक म्हणून खोडले जात नाही. घरचा शब्द नि पुस्तकी शब्द वेगळे निघाले, तरी दोन्हींची नाळ एक आहे, हे त्याला कळते. घरी जाऊन तो आजोबांना पुस्तकातले वाक्य वाचून दाखवतो. आजोबांना अक्षरओळख नसेल, पण ऐकून त्यांची मान हलते.

त्याच सुमारास कोलंबियातही चक्र फिरले. तिथल्या इटालियन वंशाच्या विद्यार्थ्यांनी आपले मंडळ केले होते. कॉलेजात इटालियन भाषेला स्वतःचे घर हवे, ही मागणी त्यांनी लावून धरली. न्यूयॉर्कच्या इटालियन समाजाने वर्गणी दिली. इमारती बांधून श्रीमंत झालेल्या पातेर्नो बंधूंनी आणि त्यांच्या मेहुण्याने बांधकामाचा भार उचलला, आणि १९२७ साली 'कासा इतालियाना' उभी राहिली. 'कासा' म्हणजे घर, हा शब्द आपण मघाशीच शिकलो. एक शतक आधी जिथे दा पोन्ते यांना पगार मिळाला नाही, त्या विद्यापीठात पुढे त्यांच्या नावाचे प्राध्यापकपदही निर्माण झाले.

गोष्ट इथे गोड करून संपवता येईल, पण इतिहास तसा संपत नाही. १९३० नंतरच्या दशकात याच घरावर मुसोलिनीच्या राजवटीचा पक्ष घेतल्याचा उघड आरोप झाला. डिसेंबर १९४१ मध्ये इटली आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले. नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन रातोरात 'शत्रुदेशीय' ठरले. हा शिक्का १२ ऑक्टोबर १९४२ रोजी काढला गेला. पण तोवर शत्रूची भाषा बोलू नका, अशी भित्तिपत्रके लागली होती. ज्या आईने मुलाला इटालियन शिकायला पाठवले, तीच आता दुकानात हळू बोलू लागली. कितीतरी घरांत भाषा त्या वर्षांत तुटली, ती पुन्हा जोडली गेली नाही. वर्ग भरायला वीस वर्षे लागतात, रिकामा व्हायला एक वर्ष पुरते.

कोव्हेलो यांनी काम सोडले नाही. १९३४ ते १९५६ पर्यंत ते पूर्व हार्लेममधल्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. पुढे त्या वस्तीत पोर्तो रिकोची माणसे येऊ लागली, तेव्हा त्यांच्या स्पॅनिशलाही त्यांनी तोच मान दिला. म्हातारपणी ते इटलीत परतले आणि १९८२ साली सिसिलीत वारले.

आणि आज? अमेरिकेतल्या कॉलेजांतून इटालियन शिकणाऱ्यांची संख्या २००९ साली सुमारे ८० हजार होती. २०१६ साली ती ५७ हजारांच्या आसपास आली. हायस्कूलच्या मुलांसाठी कॉलेजच्या तोडीची इटालियनची परीक्षा २००६ साली सुरू झाली, २००९ नंतर बंद पडली, आणि इटालियन समाजाने नि इटलीच्या सरकारने पैसा उभा केल्यावर २०१२ साली पुन्हा सुरू झाली. म्हणजे दाराशी उभे राहून रस्त्याकडे पाहणे अजून संपलेले नाही.

श्रोतेहो, या दोघा मास्तरांपैकी थोर कोण, असा निवाडा मला करायचा नाही. दा पोन्ते यांच्याजवळ भाषेचे सोने होते आणि ते त्यांनी हात न आखडता वाटले. पण भाषेच्या मागे माणसे उभी नव्हती. कोव्हेलो यांच्या काळी माणसे होती, पण ती मान खाली घालून उभी होती. ती मान वर करायला लावणे हे त्यांचे खरे अध्यापन. भाषेच्या वर्गाला दोन्ही लागते, माळ्यावरची पुस्तकेही आणि स्वयंपाकघरातली कॉफीही.

आपल्या खेड्यातल्या शाळेत पहिलीच्या वर्गात जे मूल येते, तेही घरची बोली घेऊनच येते. पुस्तकातली मराठी त्याला एका अर्थी नवीनच असते. ते 'पोऱ्या' म्हणाले, 'झील' म्हणाले, तर हसण्याऐवजी गुरुजींनी तो शब्द फळ्यावर लिहावा आणि शेजारी पुस्तकातला 'मुलगा' लिहावा. दोन्ही शब्द मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. याला पाच मिनिटे लागतात. आणि मग शक्य झाले, तर एखाद्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चहाचा कप घ्यावा.